फायब्रोमायॅल्जिया : व्यायाम सुरू करण्याआधीची तयारी

फायब्रोमायॅल्जिया म्हणजे महिनोन्महिने अंगभर दुखणं आणि थकवा. नुसता हात लागला तरी दुखतंय आणि डॉक्टर म्हणतात व्यायाम करा! मीही चिडले होते. पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने २०१६ साली या आजाराच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठाम शिफारस एकट्या व्यायामाची केली, गोळ्यांची नाही. म्हणून करायचा, पण तयारीने.

आधी तपासण्या. हिमोग्लोबिन, थायरॉईड, ड जीवनसत्त्व यांत गडबड असेल तर थकवा त्याचाही असतो. ते मार्गी लावा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. प्रीगॅबालिन ही दुखण्यावरची गोळी चालू असेल तर गरगरू शकतं, तेव्हा तोलाचे व्यायाम भिंतीला धरून.

मग वेळ. सकाळी सहाला फिरायला जाणारा ग्रुप आपल्यासाठी नाही. उठल्यावर अंग लाकूड झालेलं असतं. गरम पाण्याने अंघोळ, चहा-नाश्ता होऊन ते सुटेपर्यंत अकरा वाजले तरी चालतील. बाहेर ऊन असेल तर हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारा. चपला नकोत, मऊ तळाचे बूट घ्या.

घरच्यांशी बोलून ठेवा. यादीतलं हे सगळ्यात अवघड काम. बादलीभर कपडे पिळणं, कणीक तिंबणं हेही शरीराच्या हिशेबात धरलं जातं, म्हणून व्यायामाच्या दिवशी त्यातलं एक काम दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. 'फिरायला जमतं, मग दुखतं कसं?' हे ऐकावं लागेलच. फराळाच्या आठवड्यात किंवा लग्नघरात मात्र सुरुवातच करू नका.

आता मिनिटं. पंधरा सहज जमतील असं वाटलं, तर सातच चाला. चालताना फोनवर बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. मला वाईट दिवसांनी कधी फसवलं नाही, फसवलं ते एका चांगल्या दिवसाने. अंग हलकं वाटलं म्हणून तलावाला दोन फेऱ्या मारल्या आणि पुढचे तीन दिवस कूस बदलतानाही कण्हत होते. तेव्हापासून मोबाइलवर गजर लावते आणि तो वाजला की जिथे असेन तिथून मागे फिरते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन बांधून ठेवा. किती मिनिटं चाललो आणि दुखणं दहापैकी किती, हे त्या दिवशी लिहा आणि पुढचे दोन दिवसही. थोडं ठणकेल, पण दोन दिवसांत उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर मिनिटं निम्मी करा, बंद करू नका. खुर्चीतून उठ-बस, अर्ध्या लिटरच्या बाटलीचं वजन, हे चालणं अंगवळणी पडल्यावर. दोन महिने होईपर्यंत फरक पडला की नाही याचा निकाल लावू नका.

माझ्या कॅलेंडरच्या पहिल्या चौकोनात आहे : '५ मि., दुख ६.' शेजारच्या दोन्ही चौकोनांतही सहाच. तिसऱ्या आठवड्यात मी सहा मिनिटं चालले.