क्रोनी लावण्याआधी : लिनक्स संगणकाच्या घड्याळाची तयारी

क्रोनी हा इंटरनेटवरच्या सर्व्हरांशी संगणकाचं घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्रॅम. तो लावण्याआधी सुरुवात सेलपासून करा. संगणक बंद करून वायर काढा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) तारीख काही वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. आधी तो बदला. तारीख इतकी चुकलेली असताना सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात आणि क्रोनीचं पॅकेजसुद्धा (इन्स्टॉल करायची फाइल) उतरत नाही.

टाइमझोन आशिया/कोलकाता ठेवा. त्याच संगणकावर विंडोजही असेल तर बरोब्बर साडेपाच तासांचा फरक पडतो, कारण विंडोज बायोसच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. विंडोजलाच यूटीसी पाळायला लावा.

वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्रॅम, म्हणजे एनटीपीडी किंवा सिस्टमडी-टाइमसिंकडी, चालू नाही ना, हे बघा. दोघं एकच घड्याळ ओढू लागले की ते कधीच स्थिरावत नाही. फायरवॉलमध्ये बाहेर जाणारा यूडीपी १२३ पोर्ट, म्हणजे वेळ विचारायचा मार्ग, मोकळा हवा.

क्रोनीच्या सेटिंग फाइलमध्ये वेळ सांगणारे सर्व्हर चार घ्या. दोघांत मतभेद झाला तर खरा कोण ते कळत नाही; तिघांत कळतं, आणि चौथा असला की एक बंद पडला तरी निभावतं. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, तिचा सर्व्हर यादीत असावा. गूगलचे सर्व्हर मात्र इतरांत मिसळू नका. लीप सेकंद (जागतिक वेळेत अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) आला की ते तो चोवीस तासांत पसरवतात, बाकीचे एकदम धरतात, म्हणून त्या काळात दोन्हींत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक राहतो. प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत आयबर्स्ट लिहा, म्हणजे पहिली जुळवणी काही सेकंदांत होते.

सगळ्यात जपायची ओळ ‘मेकस्टेप १.० ३’. तिचा अर्थ, चूक एका सेकंदाहून मोठी असेल तर घड्याळ एकदम सरकवायचं, पण फक्त पहिल्या तीन जुळवण्यांत. पुढे चूक हळूहळूच भरून निघते. तीनऐवजी उणे एक लिहिलंत तर चालू डेटाबेसखाली वेळ कधीही मागे उडी मारेल आणि नोंदींचा क्रम उलटापालटा होईल. ड्रिफ्टफाइलची ओळ काढू नका: घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल दहा लाखांत २० भागांनी चुकत असेल तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, आणि ही सवय क्रोनी त्याच फाइलमध्ये टिपून ठेवतो.

चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ‘क्रोनीसी सोर्सेस’ ही कमांड चालवून बघा. एका ओळीपुढे तारा (*) हवा, म्हणजे क्रोनीने तो सर्व्हर निवडला. रीचच्या रकान्यात ३७७ म्हणजे शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं. शून्य असेल तर पुन्हा १२३ पोर्ट तपासा.