मागच्या ब्रेक डिस्क घरीच बदलायच्या असतील तर

पुढच्या डिस्क बदलणारे बरेच जण मागच्याला हात घालताना म्हणतात की त्यात काय, तेच तर आहे. तेच नाहीये. डिस्क काढणं-बसवणं हा सोपा भाग आहे, मागे खरी भानगड हॅन्डब्रेकची असते, कारण तो बहुतेक गाड्यांत त्याच कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घुसवलेला असतो आणि त्यामुळे पिस्टन (कॅलिपरमधला पॅड ढकलणारा दट्ट्या) पुढच्यासारखा नुसता दाबून आत जात नाही.

आधी तुमच्या गाडीत मागे नक्की काय आहे ते बघा. एक प्रकार म्हणजे केबलवाला हॅन्डब्रेक, कॅलिपरच्या मागे छोटा लिव्हर असतो आणि केबल त्याला ओढते. दुसरा बटणवाला, कॅलिपरवर मोटर. तिसरा जरा वेगळा, डिस्कच्या मधल्या टोपीत आतून छोटे ब्रेक शू असतात. शिवाय रेनॉ, प्यूजो, सिट्रोएनच्या काही गाड्यांत मागच्या डिस्कमध्येच बेअरिंग असतं आणि एबीएसची रिंगसुद्धा, तिथे हब नट (हब म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) काढावा लागतो आणि नवीन डिस्क बेअरिंगसकट घ्यावी लागते. हे पार्ट मागवायच्या आधी बघा, गाडी जॅकवर चढवल्यावर नाही.

डिस्क दोन्ही बाजूच्या एकदमच बदलायच्या आणि पॅडही नवीन. जुन्या पॅडला जुन्या डिस्कच्या खाचा पडलेल्या असतात, ते नव्या डिस्कला नीट टेकत नाहीत. बदलायची वेळ आली का हे डिस्कवरच कोरलेलं असतं, MIN TH (म्हणजे कमीत कमी जाडी) च्या पुढे मिलीमीटरमध्ये आकडा, पण गंजाखाली दिसत नाही कधीकधी. मोजताना काठावर जो उभा कंगोरा आलेला असतो तो सोडून आतल्या बाजूला मोजा.

गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, गिअरमध्ये टाका (ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये), आणि हॅन्डब्रेक सोडलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड, नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही, यावर चर्चा नको. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे कुठली क्लिप कुठे होती हे विसरलात तर दुसरी बाजू बघता येते.

बटणवाला हॅन्डब्रेक असेल तर काहीही उघडायच्या आधी सर्व्हिस मोड, म्हणजे मोटर आतला स्क्रू मागे घेऊन ठेवते ती अवस्था. काही गाड्यांत स्कॅनर लावून होतो, काहींत इग्निशन, पेडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबून. मोटरने आतला स्क्रू मागे घेतल्याशिवाय पिस्टन दाबलात तर मोटर किंवा तिचा गिअर गेलाच म्हणून समजा. आणि काम चालू असताना कोणी गाडीत बसून बटण दाबणार नाही एवढं बघा, पोरं आसपास असतील तर चावी खिशात.

आता कॅलिपर. मागचे दोन बोल्ट काढले की तो पॅडवरून निघतो, तो ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. मग ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्यावर बसतो ती चौकट) दोन मोठे बोल्ट, हे बरेचदा लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावलेले असतात त्यामुळे लांब दांड्याचा पाना लागतो. डिस्कवर एक-दोन छोटे स्क्रू असतील, त्यांचं डोकं चटकन खराब होतं, म्हणून बिट हातोडीने आत ठोकून बसवा आणि मगच फिरवा, इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर असेल तर उत्तमच. डिस्क हबला चिकटलेली असेल तर हबला लागून जिथे गंज आहे तिथे गंज सोडवणारं ऑइल मारा, थोडं थांबा, आणि मग डिस्क फिरवत फिरवत हातोडी. काही डिस्कना त्यासाठीच आटे असलेली दोन भोकं दिलेली असतात, त्यात बोल्ट कसत गेलं की डिस्क आपोआप बाहेर ढकलली जाते. आत शू असलेला प्रकार असेल तर आधी अॅडजस्टर ढिला करा, नाहीतर कितीही ठोका, शू काठाला अडकतात.

डिस्क निघाली की हबचा चेहरा वायर ब्रशने घासा, अगदी धातू दिसेपर्यंत, स्टडच्या बुडाशीपण. कंटाळवाणं आहे पण पेडल पुढे थरथरणार की नाही हे इथे ठरतं. हबवर राहिलेला गंजाचा कण डिस्कला जरासा तिरका करतो, आणि मधला हा तिरकेपणा बाहेरच्या कडेला वाढूनच दिसतो, 0.05 मिलीमीटरच्या आसपासचा डुगडुग बऱ्याच गाड्यांत जास्तीचा धरला जातो. सुरुवातीला काही कळत नाही, पुढे कधीतरी पेडलमध्ये जाणवायला लागतं आणि मग लोक डिस्कला शिव्या देतात. नव्या डिस्कवर गंज न लागायचं तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसा. धूळ उडवायला हवा मारू नका, श्वासात जाते, ओल्या फडक्याने काढा.

पिस्टन. केबलवाल्या प्रकारात तो दाबता दाबता फिरवत आत घालायचा असतो, बहुतेकदा घड्याळाच्या दिशेने, पण काही गाड्यांत एका बाजूला उलटा असतो. फिरतोय पण आत जात नाही असं दिसलं की दिशा बदलून बघा, जोर वाढवू नका, सी-क्लॅम्प तर अजिबात नको, आतले आटे जातात. दाब आणि फिरवणं दोन्ही एकत्र देणारं टूल मिळतं, तेच घ्या. रबरी बूट फिरताना पिळला जातोय का ते बघत राहा. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून लेव्हलही बघा, पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं, आणि बॉडीवर सांडलं तर रंग खातं, लगेच भरपूर पाण्याने धुवा. शेवटी पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा अशा फिरवून ठेवा की पॅडच्या मागची पिन त्यात बसेल. ती बसली नाही तर पॅड तिरका घासतो.

उलट क्रमाने जोडा. स्लाइड पिनला (कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिना) सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस रबर फुगवतं. पिन बोटाने सहज आतबाहेर व्हायला हवी. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, आकडे गाडीच्या मॅन्युअलचे.

बटणवाल्या गाडीत सर्व्हिस मोड आधी बंद करा. मग गाडी हलवायच्या आधी पेडल दहा-वीस वेळा मारा, कडक होईपर्यंत, पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. मग हॅन्डब्रेक ओढून-सोडून बघा, सोडल्यावर कॅलिपरचा लिव्हर पूर्ण मागे जातोय ना, नसेल तर केबल ताणलेली आहे. बाटलीची लेव्हल परत तपासा.

रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहावर असं मध्यम ब्रेक मारत आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबवू नका, मध्ये जरा थंड होऊ द्या. थोडा खरखर आवाज सुरुवातीला येतो. पण थोडं चालवून झाल्यावर दोन्ही चाकांजवळ हात न लावता उष्णता बघा, एक बाजू फारच तापली असेल तर तिथे पिन किंवा केबल अडकलीये. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क करा.