ड्रिल हातात घेण्याआधी सीटी वाचा: कानाच्या सर्जरीकडे वळणाऱ्या पीजींसाठी (पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी)

मिरजेत ईएनटी (कान-नाक-घसा) शिकायला आलेल्या प्रत्येक ज्युनिअरला मी पहिल्याच आठवड्यात सांगते: टेम्पोरल बोनचा, म्हणजे कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडाचा, सीटी नुसत्या रिपोर्टवर सोडू नका. रेडिओलॉजिस्ट आजार कुठवर पसरलाय ते सांगतात, पण हाडातून आत जायची वाट आपली आपल्यालाच ठरवावी लागते.

आपल्याकडे पेशंट जत-आटपाडीहून येतात, तसेच अथणी-चिक्कोडीहूनही. पिशवीत बहुतेक वेळा फक्त फिल्म असते आणि तिच्यावर निवडक कट्स (स्कॅनचे काप). सगळ्या कट्सची सीडी मागा. कट्सची जाडीही बघा: मेंदूसाठी काढलेला ५ मिमीचा सीटी कानाला उपयोगाचा नाही, इथे ०.६ मिमी किंवा त्याहून पातळ कट्स लागतात.

थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात स्कॅन उघडून फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस) एकेका कटवर रंगवत जा, जेनिक्युलेट गँग्लियनपासून (कानाच्या हाडात ती जिथे वळते) स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनपर्यंत (हाडातून ती बाहेर पडते ते छिद्र). सुरुवातीला फार वेळ जातो, कंटाळाही येतो. तरी सोडू नका. मग सिग्मॉइड सायनस (कानामागची मोठी रक्तवाहिनी) किती पुढे आलाय, टेगमेन (कान आणि मेंदू यांच्यामधलं पातळ हाड) किती खाली उतरलंय, जुग्युलर बल्ब (कानाखालचा मोठ्या शिरेचा फुगीर भाग) वर चढलाय का, हे पाहा.

एवढा खटाटोप कशासाठी, ते कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात, कॉक्लियात, बसवायच्या यंत्राच्या) वेळी कळतं. फेशियल नर्व्ह आणि तिचीच चवीची शाखा कॉर्डा टिम्पनी यांच्यामधून आत शिरायचं असतं आणि ती फट जेमतेम २ ते ४ मिमीची असते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गटाने याच फटीतून रोबोटच्या मदतीने थेट बोगदा पाडून इम्प्लांट बसवलं; ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचं ड्रिल १.८ मिमीचं होतं, म्हणजे नर्व्हच्या बाजूला मिलिमीटरचा थोडासा अंशच शिल्लक राहतो. म्हणून सीटीआधीच कवटीच्या हाडात बारीक स्क्रू बसवतात आणि त्यांच्या आधाराने स्कॅन व डोकं जुळवतात. कातडी सरकते, त्यामुळे तिच्यावर चिकटवलेल्या खुणा एवढ्या अचूकतेला पुरत नाहीत.

सीटी हाड दाखवतो. कॉक्लिअर नर्व्ह आहे की नाही, मेनिंजायटिसनंतर कॉक्लियातला द्रव शाबूत आहे का, यासाठी एमआरआयच हवा. आणि लहान मुलांच्या बाबतीत एक पक्कं ध्यानात ठेवा: कॉक्लिया जन्मतःच मोठ्या माणसाएवढा असतो, पण मॅस्टॉइड (कानामागचं हाड) वाढलेला नसतो. त्यामुळे तान्ह्या बाळात फेशियल नर्व्ह कानामागे अगदी वरवर असते. तिथे मोठ्यांसारखा चीर घ्यायचा नाही.

सराव कसा करायचा? डिसेक्शनला टेम्पोरल बोन मिळणार असेल, तर रेडिओलॉजीच्या सरांना विनंती करून आधी त्याचा सीटी काढून घ्या. नर्व्ह रंगवा, कॉर्टेक्सपासून (हाडाच्या बाहेरच्या थरापासून) लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनॉलपर्यंतची (तोल सांभाळणाऱ्या आडव्या नळीपर्यंतची) खोली मोजा, आकडा वहीत लिहा आणि मगच ड्रिल लावा. कॅनॉल दिसला की पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांत फरक आला तर पुढे ड्रिल करू नका, स्कॅन पुन्हा उघडून बसा.