'कॉन्शसनेस' मराठीत लिहिताना या चुका टाळा

'पेशंट कॉन्शस आहे का?' सिव्हिलमध्ये डॉक्टर असं विचारतात, तेव्हा त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात: डोळे उघडतोय का, विचारलं तर नीट बोलतोय का, सांगितलं तसा हात हलवतोय का. १९७४ सालची ग्लासगो मोजपट्टी यांनाच ३ ते १५ गुण देते. इथे शब्द 'शुद्ध'. बातमीत 'जखमीची चेतना हरपली' लिहू नका.

तत्त्वज्ञानात मात्र 'शुद्ध' चालत नाही. शेंगा चटणीचा झणका लागतो तेव्हा जीभ आणि मेंदूत काय घडतं हे सांगता येईल. पण ते तिखट आपल्याला मुळात का 'जाणवतं', हा तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये मांडलेला अवघड प्रश्न. तिथे 'जाणीव' लिहा.

सर्रास होणारी आणि मला सगळ्यात खटकणारी चूक म्हणजे प्रत्येक ठिकाणी 'चैतन्य' वापरणं. मूळ लॅटिन 'कॉन्शिएन्शिया'चा अर्थ दुसऱ्यासोबत जाणणं, एखाद्या गोष्टीत माहितगार असणं. त्यातून इंग्रजीत आधी 'कॉन्शन्स' आला, म्हणजे आपली सदसद्विवेकबुद्धी. 'कॉन्शसनेस' रुळला सतराव्या शतकात. १६९० च्या ग्रंथात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने त्याचा अर्थ दिला तो असा: स्वतःच्या मनात जे चाललंय ते कळणं. गाढ झोपेत मन विचार करतं आणि आपल्याला पत्ताच नसतो, हे लॉकला मुळीच मान्य नव्हतं. अद्वैत वेदान्तात तर गाढ झोपेतही चैतन्य साक्षी म्हणून असतंच. मग लॉकच्या तोंडी 'चैतन्य' घातलं, की त्याने जे नाकारलं तेच त्याच्या नावावर जमा होतं. 'चैतन्य', 'चेतना', 'चित्त' हे 'चित्' धातूचे शब्द. त्यांचा स्वतःचा मोठा इतिहास आहे, तो लॅटिनला जोडू नका.

आपल्या सोलापुरात आणखी एक घोळ होतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरात शुद्ध हरपली तर 'स्पृह' गेली म्हणतात, कन्नड घरात 'प्रज्ञे' गेली. मराठीत स्पृहा म्हणजे इच्छा आणि प्रज्ञा म्हणजे बुद्धी. घरच्या माणसाने सांगितलेलं मराठीत उतरवताना हे शब्द जसेच्या तसे ठेवले, तर 'पेशंटची इच्छा गेली' असा भलताच अर्थ निघतो. दोन्हीकडे सरळ 'शुद्ध हरपली' लिहा.