पुस्तक मध्येच बंद करा: वणव्यावर क्रू सांभाळायला शिकायचं तर वाचायचं कसं

दोन-तीन सीझन क्रूवर काढले की एक दिवस क्रू बॉस ट्रकमध्ये बसताबसता सहज म्हणतो, उद्यापासून हे पाच जण तुझ्याकडे. झालं, तुम्ही स्क्वॉड बॉस. म्हणजे कालपर्यंत ज्यांच्या बाजूला उभं राहून पुलास्कीने, म्हणजे कुऱ्हाड आणि कुदळ एकत्र असलेल्या हत्याराने, माती उकरत होतात त्यांनाच आता सांगायचं की कुठे उभं राहा, कधी थांबा, आणि वेळ आलीच तर कुठल्या बाजूला पळा. लाइन, म्हणजे आग अडवायला गवत-झुडपं काढून केलेला मातीचा पट्टा, कशी खणायची हे हात आपोआप शिकतात हो, पण हे दुसरं कुठून शिकायचं? अमेरिकेत वणवा विझवणाऱ्यांसाठी लीडरशिपचे कोर्स आहेत, एल-१८०, मग एल-२८०, मग एल-३८० असे चढत जाणारे, ते कराच, पण कोर्स काही दिवसांत संपतो आणि नंतर डोंगरावर तुम्ही आणि तुमची पाच माणसं. सगळं हाताबाहेर चाललंय अशी आग तुमच्या वाट्याला कदाचित दहा वर्षांत एकदा येईल, आणि न आलेलीच बरी. मग सराव करायचा कशावर? दुसऱ्यांच्या आगींवर. म्हणून वाचायचं.

पुढच्यास ठेच मागचा शहाणा असं आपण म्हणतो, पण मागचा काही आपोआप शहाणा होत नाही, त्याला थांबून बघावं लागतं की ठेच नेमकी कुठल्या दगडाला लागली. मी स्वतः मॅन गल्चच्या १९४९ च्या वणव्याची हकीकत पहिल्यांदा एका रात्रीत थ्रिलर वाचावी तशी वाचून काढली, शेवटी दोन मिनिटं सुन्न बसलो, "बिचारे" म्हणालो आणि झोपलो. शिकलो काय? शून्य. कारण शेवट आधीच माहीत होता, तेरा जण जाणार हे माहीत असलं की प्रत्येक पानावर आपण त्यांच्यापेक्षा हुशार असतो.

तर पहिलं काम हे की निर्णयाची जागा आली की पुस्तक बंद करायचं. अक्षरशः बंद, बोट मध्ये घालून. वही काढायची आणि तीन गोष्टी लिहायच्या: या क्षणी या माणसाला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि मी तिथे असतो तर पुढच्या एका मिनिटात काय केलं असतं आणि कोणत्या शब्दांत सांगितलं असतं. शब्द लिहायचे बरं का, "क्रूला मागे बोलावलं असतं" असं मोघम नाही चालत, रेडिओवर जे बोलाल ते वाक्य जसंच्या तसं लिहायचं. मग पान उलटायचं.

मॅन गल्चवरच करून बघू. ५ ऑगस्ट १९४९, मोंटाना, मिसुरी नदीच्या काठची एक घळ. विमानातून पंधरा स्मोकजंपर, म्हणजे पॅराशूटने आगीजवळ उतरणारे जवान, उतरले, खाली एक फायर गार्ड आधीपासून एकटाच आगीशी झुंजत होता तो त्यांना येऊन मिळाला, म्हणजे एकूण सोळा. रेडिओचं पॅराशूट उघडलं नाही आणि रेडिओ फुटला. फोरमन वॅगनर डॉज. सगळ्यांची समजूत अशी की ही साधी आग आहे, सकाळपर्यंत आटपून जाईल. डॉज पुढे जाऊन आग बघून आला, त्याला ते काही बरं वाटलं नाही, त्याने आपल्या नंबर दोनला सांगितलं की सगळ्यांना घळीच्या दुसऱ्या बाजूने नदीकडे घेऊन जा, आणि स्वतः त्या गार्डबरोबर थोडं खायला मागे थांबला. वाटेत एकजण चक्क आगीचे फोटो काढत होता.

इथे बंद करा.

आता लिहा. मी जेव्हा हे केलं तेव्हा माझ्या वहीत पहिल्याच ओळीत आलं की बॉस आतून काळजीत आहे पण क्रूला ते कळलेलं नाही. ज्याला फोटो काढावासा वाटतो त्याच्या डोक्यात अजून साधीच आग आहे. आणि बॉस खायला थांबला म्हणजे माणसांना वाटणारच ना की घाई नाही! त्याने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाहीये, उपाशी माणूस डोंगर चढत नाही, पण तुम्ही काय बोलता त्यापेक्षा तुम्ही काय करताय ते माणसं आधी वाचतात, हे मला त्या पानावर कळलं, कुठल्याही स्लाइडवर नाही कळलं.

पुढे वाचा. डॉज येऊन पुढे लागतो आणि त्याला दिसतं की आग खाली नदीजवळ, घळीच्या तोंडाशी, घळ ओलांडून त्यांच्याच बाजूला आली आहे. सगळ्यांना उलटं फिरवतो, चढावर. काही वेळाने सांगतो की जड हत्यारं टाका. आणि मग, आग अगदी मागे आलेली असताना, काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवतो आणि जळून गेलेल्या जागेत या म्हणून हातवारे करतो. परत बंद करा. तुम्ही क्रूमधले आहात. ज्याच्याबरोबर एकत्र फारसं काम केलेलं नाही असा बॉस, मागे भिंतीसारखी आग, आणि हा माणूस पुढेही आग लावतोय. आत जाल? खरं खरं लिहा, वही कोणी बघत नाही.

कोणीच गेलं नाही. डॉज राखेत पालथा पडून वाचला, आणखी दोघं कड्याच्या फटीतून वर निघून वाचले, तेरा गेले. ती युक्ती गवताळ मैदानातल्या लोकांना माहीत होती पण या पोरांना कधी शिकवलेली नव्हती, आणि जे आधी कधी ऐकलेलंच नाही ते कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात दहा सेकंदांत कोणाला पटणार? या घटनेवर नॉर्मन मॅक्लीनचं 'यंग मेन अँड फायर' आहे, ते त्याच्या मृत्यूनंतर १९९२ ला आलं, आणि १९९३ ला कार्ल वाइक नावाच्या प्राध्यापकाने यावर एक लेख लिहिला तो तर मॅनेजमेंटवाले आजही शिकवतात. दोन्ही वाचा पण आधी पुस्तक, नंतर लेख, कारण लेख उत्तरं देतो आणि उत्तरं आधी मिळाली की वही कोरी राहते.

दुसरी गोष्ट, न्यायाधीश होऊ नका. हे फार अवघड आहे, मला अजून जमत नाही. साउथ कॅनियनची आग बघा, ६ जुलै १९९४, कोलोरॅडोत ग्लेनवूड स्प्रिंग्जजवळ, स्टॉर्म किंग डोंगरावर चौदा जण गेले, त्यातले नऊ एकाच हॉटशॉट क्रूचे, म्हणजे खास तयारीच्या तुकडीचे. चौकशीत निघालं की १० स्टँडर्ड ऑर्डर्स, म्हणजे वणव्यावरचे सुरक्षेचे मूळ नियम, त्यांपैकी ८ धाब्यावर बसल्या होत्या. हे वाचलं की मन लगेच म्हणतं, हॅ, आम्ही असतो तर पहिल्याच ऑर्डरला थांबलो असतो. थांबलो नसतो. कोल्ड फ्रंट येतोय, वारा वाढणार, हा इशारा लाइनवरच्या माणसांपर्यंत पोचलाच नव्हता, दाट ओकच्या झुडपात लांबचं दिसत नव्हतं, आणि काहीजणांच्या मनात शंका होत्या पण समोरचा अनुभवी माणूस कामाला लागलेला दिसतोय म्हटल्यावर प्रत्येकाने आपापली शंका गिळली. म्हणून "त्यांनी काय चुकवलं" असा प्रश्नच वहीत लिहू नका, त्याऐवजी लिहा की "त्यांना हे बरोबर का वाटलं". या एका प्रश्नाने सगळं वाचन पालटतं, करून बघा. आणि त्याखाली लगेच, मागच्या महिन्यात मी माझी शंका कधी गिळली? मला माझ्या चार सापडल्या. एकाच महिन्यातल्या.

नियमही असेच उलटे वाचता येतात. त्या १० ऑर्डर्स १९५७ ला आल्या कारण त्याआधीच्या वर्षी कॅलिफोर्नियात इनाहा आगीत अकरा जण गेले होते. पॉल ग्लीसनने १९९१ ला एलसीईएस मांडलं, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा लुकआउट, संपर्क, सुटकेची वाट आणि सेफ्टी झोन, आणि आपण ते सकाळच्या ब्रीफिंगला पाढ्यासारखं म्हणून टाकतो. आठवड्याला एकच नियम घ्या आणि त्याच्यामागे कुठली आग आहे ते शोधून वाचा. त्यानंतर तो नियम तोंडातून नुसता घरंगळत नाही, बोलताना समोर माणसं दिसतात.

आगीबाहेरचंही वाचा, गिर्यारोहण, जहाजं, विमानांचे अपघात, लढाया, काहीही, जिथे थकलेली माणसं अर्धवट माहितीवर निर्णय घेतात तिथे आपलं काम आहे. यशस्वी सीईओंच्या गोष्टी मात्र मी सोडून देतो, त्यात कोणाला कधी धूरच लागलेला नसतो.

आता वहीबद्दल, कारण वाचन अर्धंच काम आहे. शिफ्टनंतर आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू सगळेच करतात, त्याचे चार प्रश्न ठरलेले: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करू. क्रूबरोबर ते होतंच, पण झोपायच्या आधी पाच मिनिटं तेच चार प्रश्न एकट्याने स्वतःला विचारा, आणि फक्त एकाच निर्णयाबद्दल, पूर्ण दिवसाबद्दल नाही, दिवसाबद्दल लिहायला बसलात की तिसऱ्या दिवशी वही बॅगच्या तळाशी जाते. माझ्या वहीतलं एक पान सांगतो. मी दोघांना म्हटलं होतं "त्या पडलेल्या झाडाच्या पलीकडे थांबा". माझ्या डोक्यात पलीकडे म्हणजे जळलेल्या बाजूला. त्यांच्या डोक्यात पलीकडे म्हणजे हिरव्या बाजूला. वीस मिनिटं ते न जळलेल्या झाडीत उभे होते आणि मला वाटत होतं सुरक्षित आहेत. काहीच झालं नाही, वारा पडलेला होता, त्या दिवशीच्या रिव्ह्यूमध्ये हा विषयसुद्धा निघाला नाही कारण काही झालंच नाही ना. पण रात्री लिहिताना "का" या प्रश्नाला पोचलो आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून जागा सांगताना मी "काळ्यात" नाहीतर "हिरव्यात" हा शब्द घालतोच आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेतो. मॅन गल्चमधले हातवारे मला त्या रात्री खरे समजले, पुस्तक वाचून वर्ष झाल्यावर.

काहीच घडलं नाही अशा दिवसांचं मुद्दाम लिहा, असं माझं स्पष्ट मत आहे. नशिबाने निभावलेला निर्णय आणि चांगला निर्णय बाहेरून सारखेच दिसतात.

क्रूला यात ओढायचं असेल तर पुस्तक हातात देऊ नका, कोणी वाचत नाही, सोळा तासांच्या शिफ्टनंतर मीही वाचणार नाही. दोन पानं द्या, तीही निर्णयाच्या जागी तोडलेली. जमिनीवर मातीचा डोंगर करा, काड्या म्हणजे लाइन, लाल रिबीन म्हणजे आग, आणि विचारा, तू इथे आहेस, वारा आत्ता फिरला, तीस सेकंद, बोल. यात सगळ्यात नवीन माणसाला पहिलं बोलू द्या आणि तुम्ही सगळ्यात शेवटी. बॉस आधी बोलला की बाकीचे नुसत्या माना हलवतात, आणि सरावात माना हलवणारा लाइनवर शंका गिळतो. शांतता पसरली तर पसरू द्या, ती भरायला जाऊ नका, मला याचा सुरुवातीला फार त्रास व्हायचा. दरवर्षी ३० जून ते ६ जुलै हा स्मरणाचा आठवडा पाळतात, यार्नेल हिलच्या दिवसापासून साउथ कॅनियनच्या दिवसापर्यंत, २०१३ ला अ‍ॅरिझोनात यार्नेल हिलच्या आगीत एकोणीस जण गेले होते. सुरुवात करायला हा आठवडा चांगला, कारण तेव्हा कोणाला "हे काय नवीन" असं वाटत नाही.

जमलं तर एकदा स्टाफ राइडला जा. सैन्यातून आलेली पद्धत आहे, आधी अभ्यास, मग प्रत्यक्ष त्या डोंगरावर चालणं, मग बसून चर्चा. कागदावर जो उतार चार सेंटिमीटरचा असतो तो पायाखाली आला की पळत वर जायला किती वेळ लागेल ते तुमची छातीच सांगते.

आणखी एक सराव, यावर कोणी बोलत नाही. खिशातल्या पॉकेट गाइडमध्ये, आयआरपीजीमध्ये, धोका कसा नाकारायचा याचं एक पान आहे. ते वाचून सोडू नका, तुमचं स्वतःचं वाक्य लिहा आणि मोठ्याने म्हणा. "हे काम या पद्धतीने मी घेऊ शकत नाही, कारण लुकआउट नाहीये, लुकआउट मिळाला तर लगेच घेतो." नाही म्हणायचं, कारण सांगायचं, आणि कशाने हो म्हणाल तेही सांगायचं. पहिल्यांदा ट्रकच्या आरशात बघून म्हणताना हसू येतं. येऊ दे. वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसासमोर हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून काढायची वेळ आली तर जीभ टाळ्याला चिकटते, मला माहितीये.

हिवाळ्यात, सीझन संपल्यावर, वही पहिल्या पानापासून वाचा, हातात वेगळ्या रंगाचं पेन घेऊन. जिथे तेव्हा "माहीत नाही" लिहिलं होतं आणि आता माहीत आहे तिथे खूण करा, आणि जिथे तीच चूक परत लिहिलेली दिसते तिथे मोठी खूण. माझ्या मागच्या वहीत "घाईत सांगितलं" हे सात वेळा आहे. या हिवाळ्यात मी मॅन गल्च परत वाचतोय, आणि यावेळी फक्त डॉज केव्हा, कोणाशी, किती शब्द बोलला तेवढंच बघतोय.