अणुवीज केंद्राचा तपासणी अहवाल कसा वाचायचा (सारांश सोडून)

बरेच जण असा अहवाल उघडतात, पहिल्या पानावर "एकूण स्थिती समाधानकारक" दिसलं की बंद करतात, नाहीतर उलट "अकरा त्रुटी आढळल्या" वाचून घाबरतात. दोन्हीत दम नाही. अकरा त्रुटी सापडल्या म्हणजे कोणीतरी नीट शोधत होतं एवढं तरी कळतं, मला तर एकही त्रुटी नसलेला अहवाल जास्त खटकतो. आकडा सोडा, प्रत्येक त्रुटीला तीन प्रश्न विचारा: कोणाला सापडली, किती दिवस तशीच होती, आणि आधी कधी झाली होती का.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या, तपासणीच्या वेळी अणुभट्टी चालू होती की बंद. चालू असताना आतल्या भागात रेडिएशन आणि उष्णता इतकी असते की बऱ्याच ठिकाणी माणूस जाऊच शकत नाही, त्यामुळे वेल्डिंगचे सांधे, स्टीम जनरेटरच्या नळ्या, भट्टीच्या भांड्याचं झाकण हे सगळं आउटेजमध्येच, म्हणजे भट्टी ठरवून बंद ठेवतात तेव्हाच तपासतात, आणि बऱ्याच अणुभट्ट्यांत आउटेज येतं इंधन बदलायच्या वेळी, म्हणजे १२ ते २४ महिन्यांतून एकदा. म्हणून चालू केंद्राच्या अहवालात झाकणाबद्दल चकार शब्द नसेल तर झाकण चांगलं आहे असं धरू नका, ते कोणी पाहिलेलंच नाही.

आता पहिला प्रश्न, कोणाला सापडली. केंद्राच्या स्वतःच्या रूटीन टेस्टमध्ये सापडली तर उत्तम, टेस्ट त्यासाठीच असते. नियामकाच्या (केंद्रांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) इन्स्पेक्टरला फेरी मारताना दिसली तर विचारा की रोज तिथून जाणाऱ्या लोकांना का नाही दिसली. आणि दुसरंच काम करताना योगायोगाने सापडली असेल तर तो परिच्छेद दोनदा वाचा.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत ओहायोमधलं डेव्हिस-बेसी केंद्र, मार्च २००२. भट्टीच्या झाकणाचं पोलाद साधारण १७ सेंटीमीटर जाड, आणि भट्टीच्या पाण्यात असलेल्या बोरिक ॲसिडच्या गळतीने त्यात फुटबॉलएवढा खड्डा पडलेला, खाली उरला होता फक्त जेमतेम एक सेंटीमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा थर आणि आतला १५० पट वातावरणाइतका दाब तेवढ्यावर अडलेला! हे एका रात्रीत झालं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं होतं. इमारतीतल्या हवेचे फिल्टर गंज आणि बोरिक ॲसिडने सारखे तुंबत होते आणि ते बदलत राहायचे, २००० सालच्या आउटेजच्या फोटोत झाकणावर लालसर ओघळ स्पष्ट दिसतात. फिल्टर बदलला, काम झालं, नोंद केली. गंज येतोय कुठून हे कोणी शेवटपर्यंत शोधलं नाही. म्हणून अहवालात "फिल्टर वारंवार बदलावे लागले", "तात्पुरती दुरुस्ती", "देखरेख चालू आहे" असलं काही दिसलं की पेन्सिलने खूण करा. अशी बारीक वाक्यं मोठ्या त्रुटीपेक्षा जास्त बोलतात.

तिसरा प्रश्न, आधी कधी झालं होतं का. गंमत अशी की हेच केंद्र इथेही येतं. सप्टेंबर १९७७ मध्ये तिथला दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, ऑपरेटरांचा गोंधळ उडाला, पण भट्टी कमी पॉवरवर होती आणि वीसेक मिनिटांत चूक लक्षात आली. तशाच डिझाइनच्या, अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड केंद्रात २८ मार्च १९७९ ला तसाच व्हॉल्व्ह अडकला, त्यातून थंड करणारं पाणी निघून जातंय हे तिथे दोन तासांहून जास्त वेळ कळलंच नाही आणि गाभ्याचा, म्हणजे इंधनाच्या भागाचा, बराचसा भाग वितळला. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद झाला का ते सांगत नव्हता, बंद करायचा सिग्नल गेला एवढंच सांगत होता. तर अहवालात उपाय म्हणून फक्त "कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले" असेल तर तो उपाय कच्चा समजा, दिवा बदलला का, वायरिंग बदललं का, ते शोधा. आणि दुसऱ्या केंद्रातल्या घटनेवरून इथे काय तपासलं याचा उल्लेख असेल तर चांगली खूण.

बॅकअप यंत्रणांचा भाग वाचताना "दोन आहेत" यावर समाधान मानू नका, दोन्ही एकाच कारणाने जाऊ शकतात का ते बघा. भट्टी बंद केली तरी उष्णता थांबत नाही हो, ३००० मेगावॅट उष्णतेची भट्टी बंद केल्याच्या क्षणी साधारण २०० मेगावॅट निघत असते आणि दिवसभरानंतरही १५ च्या आसपास, म्हणून पंप आणि त्यांना वीज हवीच. अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात १९७५ मध्ये हवेची गळती शोधायला मेणबत्ती धरली, फोमने पेट घेतला आणि एकाच ठिकाणाहून जाणाऱ्या १६०० हून जास्त केबल जळाल्या, त्यात सुरक्षा यंत्रणांच्याही. फुकुशिमा दाइचीला २०११ मध्ये १३ डिझेल जनरेटर होते, त्सुनामीनंतर चालू राहिला एकच, हवेवर थंड होणारा आणि उंचावर बसवलेला, त्याच्यावर पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. तर जनरेटर किती यापेक्षा कुठे ठेवलेत, कशाने थंड होतात आणि केबल कुठून जातात ते वाचा.

रंग आणि पातळ्यांचं थोडक्यात. त्रुटी किती गंभीर हे सांगायला अमेरिकन पद्धतीत हिरवा, पांढरा, पिवळा, लाल असा चढता क्रम आहे, पांढरा हिरव्यापेक्षा वाईट, इथे हमखास फसायला होतं. ० ते ७ ची आंतरराष्ट्रीय पातळी घटनेसाठी असते, केंद्राला मार्क द्यायला नाही, त्यामुळे "आमची पातळी शून्य" ही काही गुणपत्रिका नव्हे. रेडिएशनच्या डोसचा तक्ता असेल तर आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे कामगारासाठी ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही, आणि सामान्य माणसासाठी वर्षाला १, एवढं लक्षात ठेवून वाचलं तरी पुरतं.

शेवटी मुदती. यंत्रणा बंद पडली तर अमुक तासांत दुरुस्त करा नाहीतर भट्टी बंद करा असं लायसन्सच्या अटींत लिहिलेलं असतं, त्रुटीची वेळ आणि दुरुस्तीची वेळ वजा करून बघा. मुदतवाढ दिली असेल तर कारण वाचा, डेव्हिस-बेसीची झाकण-तपासणी २००१ च्या डिसेंबरअखेर व्हावी असं नियामकाचं म्हणणं होतं, मग वाटाघाटी होऊन ती फेब्रुवारी २००२ वर गेली. आणि मागचा अहवाल शेजारी उघडा ठेवून त्यातल्या प्रत्येक "पुढील आउटेजमध्ये करू" ला नव्या अहवालात शोधा, सापडलं नाही तर त्या त्रुटीचा अहवालातला नंबर लिहून नियामकाला थेट विचारा.