बोटीचं पेट्रोल: टाकी आधी काठावर उतरवा

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. उघड्यावर ती वाऱ्याने विरते, पण बोटीत तळाला जाऊन बसते आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नाशिकच्या गंगापूर धरणावर आउटबोर्ड इंजिनाची, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून इंजिन लावलेली बोट असेल, तर सुटी टाकी बोटीत कधीच भरू नका. ती काठावर आणून, जमिनीवर ठेवूनच भरा.

पेट्रोल आणायला पत्र्याचा, घट्ट झाकणाचा कॅन घ्या. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं आणि पत्र्याचा कॅन २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. पंपावर कॅन डिकीतून खाली उतरवा. भरताना नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेलंच राहू द्या, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी उडत नाही.

काठोकाठ भरू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. फाल्गुनातल्या गार सकाळी टाकी गच्च भरली आणि दुपारी झाकणाखालून ओघळ आला. तापमान वीस अंशांनी चढलं की २५ लिटर पेट्रोल जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. २५ च्या टाकीत २३ पुरे.

कॅनमधून टाकीत ओतताना हातपंप वापरा. नळी तोंडाने ओढायची सवय आपल्याकडे फार, पण एक घोट फुप्फुसात गेला की दवाखाना ठरलेला. बाजूला जुनं फडकं असू द्या. नाशिकच्या नळाला याच धरणाचं पाणी येतं, तेव्हा सांडलेलं लगेच टिपा.

टाकी बोटीत ठेवल्यावर झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तो बंद राहिला तर इंजिन थोडं चालून गुदमरतं आणि लोक विनाकारण प्लग बदलत बसतात. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरच्या रबरी बल्बचा, म्हणजे पेट्रोल पुढे ढकलायच्या फुग्याचा, बाण इंजिनाकडे हवा. बल्ब कडक होईपर्यंत दाबा. परतताना स्क्रू पुन्हा आवळा.

पावसाळ्यात बोट बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. जुन्या पेट्रोलबद्दल शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरा. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते इंजिनाला देऊ नका.